सर पोर्टलवर येत नाहीत

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत)

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवणाऱ्या 33 वर्षांच्या प्राध्यापकाचं हे पत्र. "तू तरुण आहेस, तुला जमतं" असं म्हणत दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या एलएमएसचं, म्हणजे ऑनलाइन अध्यापनाच्या पोर्टलचं, सगळं काम त्यांच्या गळ्यात पडलं. स्टाफ 26 जणांचा. त्यातल्या 9 जणांनी आजवर एकही व्हिडिओ टाकलेला नाही. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू आहे आणि प्राचार्यांनी या 9 जणांची नावं, कारणांसह, लेखी मागितली आहेत. पहिलं नाव विभागप्रमुखांचं येतं. त्यांनीच या प्राध्यापकाला बी.ए.ला शिकवलं, एम.ए.ला जा म्हणून घरच्यांची समजूतही त्यांनीच काढली. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. पहिल्या कार्यशाळेत सरांचं लॉगिन होईना, ओटीपी दुसऱ्याच नंबरवर जात होता. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर उठून गेले आणि त्यानंतर एकाही कार्यशाळेला आले नाहीत. "लॉकडाऊनमध्ये हेच सर व्हॉट्सॲपवर पंधरा-पंधरा मिनिटांचे आवाजी मेसेज पाठवायचे. आता मात्र काही ऐकून घेत नाहीत. ज्येष्ठांची मानसिकताच नाही. ती बदलायची कशी? आणि यादी देऊ की नको?"

उत्तर

यादीचा विषय थोडा मागे ठेवते. आधी व्हॉट्सॲपबद्दलचं तुमचं वाक्य. तक्रारीच्या ओघात तुम्ही ते लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा तुमच्या सरांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं आणि कुणी यादीही मागितली नव्हती. तुमची मुलं पाटण-जावळीच्या वाड्यावस्त्यांवर, माण-खटावच्या गावांत अडकली होती. घरातला एक फोन भावंडांत वाटून घेतलेला, रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच. राष्ट्रीय नमुना पाहणीत 2017-18 साली देशातल्या ग्रामीण घरांपैकी इंटरनेट होतं ते 14.9 टक्के घरांत आणि संगणक 4.4 टक्के घरांत. त्यानंतर फोन वाढले हे खरं, पण घरात फोन असणं आणि तो मुलीच्या हातात असणं यात बरंच अंतर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा मुलांपर्यंत पोचेल असं जे हाताशी होतं ते सरांनी उचललं. व्हिडिओच्या भानगडीत न पडता फक्त आवाज पाठवला. तो कमी डेटात उतरतो आणि रेंज येईल तेव्हा ऐकता येतो. तंत्रज्ञानाला घाबरणारा माणूस असा निर्णय घेत नाही. समोर कोण बसलंय हे बघून साधन निवडणारा शिक्षक घेतो.

मग तेव्हा तयार असलेला माणूस आज तयार का नाही? माणसाचा स्वभाव एवढ्या काळात उलटा फिरत नाही. मागणी फिरली. तेव्हा मागणारी मुलं होती, आज फाइल मागतेय.

नवं तंत्र लोक का स्वीकारतात यावर फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने 1989 मध्ये एक सुटसुटीत मांडणी केली. शिक्षकांवरच्या अभ्यासांत ती अजून सर्रास वापरतात. माणूस दोन गोष्टी तोलतो: याचा माझ्या कामाला उपयोग आहे का, आणि हे मला सहज जमेल का. डेव्हिसच्या पाहणीत पहिल्या प्रश्नाचं वजन दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त निघालं. उपयोग पटला की माणूस किचकट गोष्टही चिकाटीने शिकतो. तो पटला नाही तर कितीही सोपी करून द्या, हात लावत नाही. आता तुमच्या कार्यशाळा आठवा. लॉगिन कसं करायचं, फाइल कुठे चढवायची, क्विझ कशी लावायची, मग जिओ-टॅग फोटो, चहा आणि प्रमाणपत्र. सगळा भर 'जमेल का' वर. 'कशासाठी' याचं उत्तर 'नॅकसाठी' एवढंच मिळालं असेल, तर इतक्या बॅचेस पाहिलेल्या शिक्षकाला ते पटायचं कसं?

पुढे 2003 मध्ये विश्वनाथ व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी या मांडणीत भर घातली. त्यातला एक मुद्दा तुमच्या कामाचा आहे. जिथे वापर सक्तीचा असतो तिथे, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, आजूबाजूचे लोक काय म्हणतील याचा परिणाम मोठा असतो. तुमच्या सरांना त्या सुरुवातीच्या दिवशी आजूबाजूच्या लोकांकडून काय मिळालं? हसू. तेही अशा सभागृहात, जिथे निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. ओटीपी दुसऱ्या नंबरवर गेला याचा अर्थ बहुधा एवढाच, की खातं उघडताना ऑफिसमधून कुणीतरी चुकीचा नंबर टाकला होता. चूक पोर्टलच्या नोंदीत होती आणि अडाणी ठरले सर. तो नंबर तुम्ही नंतर दुरुस्त केलात का? पत्रात तसं काही दिसत नाही. नसेल केला तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिलं काम ते.

आता जरा नाजूक गोष्टीकडे येते. ज्येष्ठांच्या विरोधामागे काही हिशेब असे आहेत जे स्टाफरूममध्ये उघड बोलले जात नाहीत, पण ते खोटे नाहीत.

पहिला वर्कलोडचा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास आणि त्यावरच्यांना 14 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. आपल्याकडे पदं टिकतात ती याच तासांच्या गणितावर. एक नीट व्हिडिओ करायला टिपण, ध्वनिमुद्रण, काटछाट मिळून अख्खी संध्याकाळ जाते. ती या तासांत धरली जात नाही. बढतीच्या गुणांत ई-सामग्रीला जागा आहे, पण ज्याच्या सगळ्या बढत्या होऊन गेल्या त्याला त्या गुणांचं काय? दुसरीकडे 2017 मध्ये 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल आलं आणि यूजीसीच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून पूर्ण करायची मुभा दिली. तेव्हापासून 'उद्या आमचे तास पोर्टल घेणार' ही कुजबुज आहे. ती अतिरंजित असू शकेल. पण एक प्रश्न तुम्हाला विचारल्याशिवाय राहवत नाही. तास खरंच कमी झाले तर आधी कुणाचे जातील? सरांचे जाणार नाहीत. तासिका तत्त्वावरच्यांचे जातील. म्हणजे ज्या शंकेला तुम्ही ज्येष्ठांची आडमुठी भूमिका म्हणताय, ती त्यांच्यापेक्षा तुमच्या जास्त फायद्याची आहे.

दुसरा हिशेब चार भिंतींचा. अर्थशास्त्राचा शिक्षक सातारा-सांगलीत उसाच्या एफआरपीवर, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दरावर, काय बोलतो, थकीत बिलांची उदाहरणं कुठली देतो, हे वर्गातल्या मुलांना माहीत असतं आणि तिथेच राहतं. आपल्याकडे शिक्षणसंस्था आणि साखर कारखाना यांची संचालक मंडळं किती ठिकाणी एकाच घरात नांदतात हे तुम्ही जाणता. तेच वाक्य रेकॉर्ड झालं, वीस सेकंदांचा तुकडा काढून तालुक्याच्या ग्रुपवर फिरला, तर? चांगला शिक्षक कॅमेऱ्यासमोर मिळमिळीत बोलायला लागतो तो यामुळे. आणि मग 'ऑनलाइन शिकवण्यात मजा नाही' हे त्याचं म्हणणं खरंच ठरतं. रेकॉर्ड झालेलं लेक्चर कुणाचं, किती वर्षं राहणार, काढून टाकायचा अधिकार कुणाला, हे तुमच्या पोर्टलवर कुठे लिहिलंय का? नसेल तर ज्या 17 जणांनी व्हिडिओ टाकले त्यांनी ते फारसा विचार न करता टाकले, असंही म्हणता येईल.

त्या 17 जणांबद्दलही एक शंका आहे. त्यांच्यातल्या किती जणांनी जुन्या नोट्स स्कॅन करून पीडीएफ चढवली? किती जणांनी 48 मिनिटांचा आख्खा तास टेबलावर फोन उभा करून रेकॉर्ड केला? तुमच्या तक्त्यात ते 'वापर करणारे' आहेत. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली, तेव्हा मुलांचं लक्ष साधारण सहा मिनिटांच्या आतल्या व्हिडिओंवरच टिकलेलं दिसलं. रिचर्ड क्लार्क तर 1983 पासून सांगत होते की माध्यम बदलल्याने शिकणं वाढत नाही, शिकवण्याची पद्धत बदलली तर वाढतं. अपलोडचा आकडा बघून कोण पुढारलेला आणि कोण मागासलेला हे ठरवत असाल तर तुमचं मोजमापच कच्चं आहे.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सगळे ज्येष्ठ शहाणे आणि तुम्ही एकटे चुकलेले असं होईल. 9 पैकी दोन-तीन जण असे असतीलच, ज्यांना काही नवं करायचंच नाही. खडू-फळ्याचं कौतुक सांगत पिवळ्या पडलेल्या वहीतून मजकूर उतरवून देणारे. त्यांना पोर्टल नको असतं कारण पोर्टलवर ती वही सगळ्यांना दिसेल. त्यांच्यामागे तुमची शक्ती घालवू नका. ते काम प्राचार्यांचं आहे, आणि त्यासाठी त्यांना पगार मिळतो.

सरांशी काय बोलायचं? 1943 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोघांनी संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं ते तपासलं. एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसाराचा जो सिद्धांत मांडला, त्याच्या मुळाशी तोच अभ्यास आहे. शेतकऱ्यांना बियाण्याची खबर पहिल्यांदा विक्रेत्याकडून मिळाली, पण ते पेरायचं ठरलं शेजाऱ्याचं बघून. आणि पहिल्या वर्षी बहुतेकांनी ते रानाच्या थोड्याच भागात टाकलं. हे आपल्याला आयोवाने सांगायची गरज नाही म्हणा. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून 'फुले 265' हा उसाचा वाण आला तेव्हाही आपल्या भागातल्या शेतकऱ्याने आधी चार सऱ्या लावून फुटवा बघितला, तोड बघितली, मग बेणं वाढवलं. त्याला कुणी मानसिकता नसलेला म्हटलं नाही. तुमच्या पोर्टलने मात्र पहिल्याच सत्रात प्रत्येकाकडून अख्खं रान मागितलं: प्रत्येक विषय, प्रत्येक घटक, व्हिडिओसह.

तेव्हा सरांकडून चार सऱ्याच मागा. पोर्टलचा समन्वयक म्हणून जाऊ नका, आणि 'सर, मी शिकवतो तुम्हाला' हे वाक्य तर चुकूनही नको. त्यांना एक खरा प्रश्न विचारा: सर, दरवर्षी मुलं नेमकी कुठे अडतात? माझी पैज आहे, ते क्षणात सांगतील. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मागणीतला विस्तार आणि मागणीतली वृद्धी यांत गल्लत होते, तसं काहीतरी. मग म्हणा, एवढ्याच एका मुद्द्यावर मला सहा-सात मिनिटांचं बोलणं हवंय, तुमच्या आवाजात, लॉकडाऊनमध्ये पाठवायचात तसं. चेहरा नको, पीपीटी नको. जमलं तर फळ्यावर काढलेल्या त्या दोन वक्रांचा फोटो. चढवायचं काम पहिल्या वेळी तुम्ही करा, आणि आवडलं नाही तर ते त्याच दिवशी काढून टाकू असं आधीच सांगा. नुसतं सांगू नका, काढायचं बटण त्यांच्या खात्यावर चालू ठेवा.

कुणासाठी, हे त्यांना आपोआप दिसेल. पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला मैदानावर जाऊन पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा तुमच्याही वर्गात असेल. शिरवळला कंपनीत पाळी करून आठवड्यातून तीनच दिवस येणारा असेल. 2021-22 च्या एसटी संपात महिनोन्‌महिने कॉलेजला येऊ न शकलेल्या मुलींच्या धाकट्या बहिणी आज तुमच्याकडे शिकत असतील. ज्या जिल्ह्यात कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, तिथे काम करून शिकणारा मुलगा तासाला का नव्हता हे विचारण्याआधी त्याचा बुडालेला तास त्याच्यापर्यंत कसा पोचवायचा, हा प्रश्न शिक्षकाला नवा वाटणार नाही. पोर्टलचं समर्थन एवढ्या एका गोष्टीवर करता येतं, आणि ते नॅकच्या निकषापेक्षा भक्कम आहे.

सर यावरही नको म्हणाले तर? तर नको. मुलांना वर्गात त्यांच्याकडून जे मिळतंय ते मिळत राहील. चार वर्षांनी ते निवृत्त होतील आणि कॉलेज चालू राहील. सगळ्यांनी एकाच साधनाने शिकवलं पाहिजे हा आग्रह मला तरी पटत नाही.

आता यादी.

नावं न देण्याचा सल्ला देणं मला सोपं आहे, माझं पुढच्या जूनचं नेमणूकपत्र प्राचार्यांच्या सहीवर अवलंबून नाही. तुमचं आहे. म्हणून शौर्य गाजवायला सांगत नाही. पण प्राचार्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मागितल्या आहेत, त्या सुट्या करा. कुणी काय चढवलं ही नोंद आहे. ती पोर्टलच्या ॲडमिन खात्यावर दिसते आणि प्राचार्यांना ते खातं बघण्याचा अधिकार आहे. ती लपवू नका, लपणारही नाही. पण 'कारणं' ही नोंद नव्हे, तो तुमचा तर्क आहे. सहकाऱ्याच्या मनात काय आहे ते तुम्ही लिहून द्यायचं, त्याच्या पाठीमागे, आणि तेही त्याच्यापेक्षा कच्च्या नोकरीवर असताना? एवढं एक काम साफ टाळा.

त्याऐवजी 9 जणांना सरळ भेटून, सगळ्यांना सारखाच प्रश्न विचारा: अडचण काय आहे? उत्तरं त्यांच्या शब्दांत टिपून घ्या आणि प्राचार्यांना एक पानाचा अहवाल द्या, नावांविना. इतक्या जणांची खाती चुकीच्या नंबरवर आहेत. इतक्यांच्या वर्गखोलीत वाय-फाय पोचत नाही. इतक्यांना रेकॉर्डिंगच्या मालकीबद्दल लेखी खुलासा हवा आहे. इतके जण ध्वनिमुद्रण द्यायला तयार आहेत, व्हिडिओ नाही. शेवटी एक ओळ: व्यक्तीनिहाय नोंद पोर्टलवर उपलब्ध आहे, कारणांविषयी संबंधितांकडून थेट म्हणणं मागवावं. नॅकला कॉलेज काय करतं ते दाखवायचं असतं. अडचणी ओळखून त्यावर काय केलं याचं हे पान कुठल्याही यादीपेक्षा प्राचार्यांच्या फाइलला जास्त उपयोगी पडेल, हे त्यांनाही कळेल. आणि अहवाल देण्याआधी सरांना तो वाचायला द्या. त्यांना तो दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

प्राचार्य तरीही अडून बसले तर आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, बैठकीत विषय ठेवण्याची विनंती करा. तिथे तो तुमचा एकट्याचा राहत नाही.

हे सदर वाचणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांनाही थोडं सांगते, कारण अशी पत्रं तुमच्या बाजूनेही येतात. तुमचा आक्षेप पटण्यासारखा असेल तर तो लिहून द्या. 'आम्हाला नाही जमत' असं हसत म्हणून वेळ मारून नेलीत तर वर्कलोडचा किंवा रेकॉर्डिंगच्या मालकीचा खरा प्रश्न कुणापर्यंत पोचतच नाही, आणि बिल फाडलं जातं ते तुमच्या वयावर. शिवाय निरोप घेऊन तुमच्या दारात येणारा पोरगा बहुतेक वेळा कच्च्या नेमणुकीवर असतो. त्याच्यावर चिडून काही साधत नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. दोन वर्षं तुम्ही 26 जणांचं पोर्टल सांभाळताय, पासवर्ड बदलून देताय, रात्री फोन घेताय, आणि पत्रात मोबदल्याचा एक शब्द नाही. तासिका तत्त्वावर तुम्हाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. हे काम कुठल्याच तासात बसत नाही. ज्येष्ठ बिनमोबदल्याचं काम नाकारतात म्हणून तुम्ही नाराज आहात, आणि स्वतः तेच काम मुकाट्याने करताय. अहवालासोबत दुसरा एक अर्ज द्या: समन्वयकाच्या कामाचा लेखी आदेश, त्याचं मानधन किंवा किमान अनुभव प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख, आणि सोबतीला ऑफिसमधला एक माणूस. मानधन मिळेलच असं नाही. लेखी आदेश आणि अनुभवाचा उल्लेख यांना मात्र संस्थेचा एक पैसा लागत नाही, आणि उद्या कायम जागेच्या मुलाखतीला बसाल तेव्हा ते कागद तुमच्या हातात हवेत. सत्र संपायच्या आत अर्ज करा, आवक क्रमांक घ्या, आणि तोंडी 'बघू' वर परत येऊ नका.